उशिरा वाजलेला भोंगा

वैशाखातली सकाळ. वारा पडलेला. साडेसातलाच बनियन पाठीला चिकटलं होतं आणि खाडीवरून खारट वाफ येत होती. बांधावरच्या खांबाला पत्र्याची पेटी होती. बगळ्यांनी तिच्यावर केलेली घाण गोटीराम फडक्याने पुसत होता. पेटी त्याच्याच हातची. कामावर जायच्या आधी तिला बघून जायचं, हा त्याचा बारा दिवसांचा नेम.

गोटीराम कोपरखैरण्याच्या गावठाणातला. बापाची खाजणातली भातशेती शहराखाली गेली तेव्हा तो रांगत होता. आयटीआय करून त्याने टीव्ही दुरुस्त केले. लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडलं, तेव्हा महाप्याच्या एका लहान कारखान्यात बोर्ड तपासायला लागला. एकवीस वर्षं झाली. त्याची सही झाल्याशिवाय तिथून माल हलत नसे.

गावच्या बाया ओहोटीला नाला ओलांडून पलीकडच्या चिखलात कालवं काढायला जातात. पाणी फिरलं की आधी नाला भरतो आणि परतीची वाट बुडते. म्हणून हा भोंगा. पेटीतली चिप दिवसभर झोपते, रोज पाणी फिरायच्या वेळेला उठते, भोंगा वाजवते, परत झोपते. एका बॅटरीवर दोन वर्षं. पण झोपेतही तिला वेळ मोजावी लागते. त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढा क्रिस्टल बाहेरून जोडलेला असतो. वेळेला पक्का, बॅटरी कमी खाणारा, पण नाजूक. सोल्डरिंगचा चिकटा धुतला नाही आणि त्यावर दमट हवा बसली, की तो चालूच होत नाही. मग चिप आपल्या पोटातल्या घड्याळावर जाते. ते कशातही चालतं, पण ऊन लागलं की त्याची चाल मंदावते आणि रोजची चूक साठत जाते.

पहिली पेटी आपल्या गावात अमावास्येच्या आधी लागावी, या हौसेपायी गोटीरामने कारखान्यात बनलेल्या भोंग्यांच्या त्या लॉटचे बोर्ड धुतलेच नव्हते. चाचणीत पिवळा दिवा लागला, म्हणजे क्रिस्टल उठला नव्हता. एसीच्या खोलीत दोन दिवस ठेवून बघितलं, तर फरक जेमतेम एक मिनिटाचा. ‘चालंल,’ म्हणत त्याने सही केली होती.

आज बीज. भोंगा आठला वाजायचा होता. गोटीरामच्या मनगटावर आठ वाजून पाच झाले. पेटी गप्प. ‘माजंच घड्याल पुढं असंल,’ असं म्हणून तो थांबला. पण तो पिवळा दिवा डोळ्यांसमोरून जाईना.

पलीकडे त्याची आई चांगुणाबाई कंबर सरळ करून ओरडली, “बायानू, चला! पानी फिरलं!”

“आजी, बाबांचा भोंगा कुठं वाजलाय?” त्याची सून रंजिता चिखलातूनच म्हणाली. “टोपली भरू दे की.”

“बीजंला भरती दीडला. तिथी दोन, तिची पाऊनपट दीड. मना भोंगा कनाला पायजे?”

बाया निघाल्या. रंजिता राहिली. सासऱ्याने बनवलेली वस्तू, तिच्यावर तिचा भरवसा होता.

गोटीरामने हाका मारल्या तोवर नाला भरत आला होता. ती मध्यावर आली आणि एक पाय चिखलाने धरला. टोपली गेली. पाणी छातीला, मग हनुवटीला. गोटीराम कपड्यानिशी उतरला. चांगुणाबाईने होडीचा दोर फेकला, बायांनी ओढला. रंजिता बांधावर उपडी पडून खारं पाणी ओकत होती, तेव्हा डोक्यावर भोंगा वाजला. आठ वाजून अडतीस मिनिटांनी.

चांगुणाबाईने वर बघितलं. “याला झोप लागली व्हती काय रं?”



रंजिताला डॉक्टरकडे पोचवलं. “घाबरायचं कारण नाही,” असं डॉक्टरने सांगितल्यावर गोटीराम ओल्याच पँटने कारखान्यात गेला. दाराशी त्याच लॉटच्या वीस पेट्या बांधून ठेवलेल्या. दुपारी टेम्पो येणार होता. वीस गावांच्या वीस बांधांवर त्या लागायच्या होत्या. आपल्या गावची पेटी गुपचूप धुऊन लावली असती तर कोणाला काही कळलं नसतं. आई सगळीकडे म्हणत होती, यंत्र नवं हाय, चुकायचंच.

तो मालकाच्या टेबलाशी गेला. मालक विश्वजित, त्याच्या मुलाच्या वयाचा.

“टेम्पोला नको सांगा. बोर्ड धुतलेले नाय. पिवला दिवा मी बघितला व्हता.”

विश्वजितने चाचणीचा कागद काढला. “काका, खाली सही तुमची आहे.”

“म्हनून तर सांगतो. सून बुडत व्हती आज.”

विश्वजितने दाराशी बांधून ठेवलेल्या पेट्यांकडे बघितलं. “सगळ्या उघडायच्या?”

“सगल्या. आनि आता नुसती खोली नको. दिवसा उन्हात पत्र्यावर ठेवायच्या, आठ दिवस.”

“बरं.” विश्वजितने कागद उलटा ठेवला. “पण काका, यापुढे सही तुमच्या हाताखालची शर्मिला करेल.”

एकवीस वर्षं. गोटीरामने मान हलवली. शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्याने टेबलावर ठेवलं.

मग पहिली पेटी उघडली, बोर्ड काढला, वाटीत स्पिरिट ओतलं. जुना दातांचा ब्रश त्यात बुडवला आणि क्रिस्टलच्या पायांशी साचलेला पिवळट चिकटा तो हलक्या हाताने घासायला लागला.