गारगोटीला मोडलेला उपास

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाला मोठा निर्णय घ्यायचा असला की तो माझ्याकडे येतो. तीन दिवस उपास, तीन दिवस प्रार्थना, मग बायबलमधून मिळालेलं वचन मी त्याला वाचून दाखवतो. हा मान मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे मिळाला. तो खोटा आहे.

ती नर्सिंग पास झाली तेव्हा तिला आखातातल्या एका दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. मी आणि बायको दोघंही शिक्षक. ती गेली तर आईचं सगळं आमच्यावर येणार होतं. ती म्हणाली, "दादा, प्रभूला इचारून सांग. तो म्हणंल तसं करू."

मी उपास जाहीर केला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कामानं गारगोटीला गेलो आणि स्टँडवर दोन प्लेट मिसळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी आईबापांचा मान राखण्याविषयीचं वचन शोधून काढलं, तिथं कागदाची चिठ्ठी घातली आणि तिला सांगितलं, "नको म्हणतोय."

तिनं पत्राला नकार कळवला. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. बहिणीनं लग्न केलं नाही. दर वाढदिवसाला ती उपासनेत उभी राहून साक्ष देते, की भावाच्या उपासानं मला वाट दाखवली. मी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसतो. लोकांना ती नम्रता वाटते.

गेल्या महिन्यात ती मंडळीतल्या एका मुलीला घरी घेऊन आली. मुलीला पुण्याला नोकरी लागली होती, वडील नको म्हणत होते. "दादाला इचार," बहीण म्हणाली, "त्याचा उपास वाया जात न्हाय."

मी मुलीला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ती गेल्यावर बहिणीला म्हणालो, "तुझ्या वेळी मी उपास मोडला होता."

"काय खाल्लंतास?"

"मिसळ. गारगोटीला."

ती खो खो हसली. "एवढी वर्षं मिसळ पोटात घिऊन बसलायस व्हय? तिखट तरी हुती का?"

"प्रार्थनाही केली नव्हती."

तिचं हसू थांबलं. "म्हंजे तू इचारलंच न्हाईस?"

"नाही. तो 'जा' म्हणेल अशी भीती होती."

 ती म्हणाली, "तू नुस्तं 'थांब' म्हणाला असतास तरी मी थांबले असते की. राग आला असता तर तुझ्यावर आला असता. मी तो सगळा प्रभूवर काढला, दादा. साक्षीत आभार मानायचे आणि घरी येऊन त्याच्याशी भांडायचं. त्यानं काय केलंतं?"



दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिला म्हणालो, तुझं तूच प्रभूला विचार, मी नुसता शेजारी बसतो. ती डोळे मिटून बसली, आणि मीही, उत्तर ठरवून न ठेवता, माझा प्रश्न विचारला: हे सगळ्यांसमोर सांगू का? मला नको होतं तेच उत्तर आलं: सांग.

म्हणून रविवारी उपासनेत वाचायला हे लिहिलं. आधी बहिणीला दाखवलं. तिनं एकच ओळ खोडायला लावली. मी लिहिलं होतं, की हे आईसाठी केलं.

"आईसाठी न्हवं," ती म्हणाली. "तुझ्या जिवाला तरास नको म्हणून. तसं लिही."

माझ्या जिवाला त्रास नको म्हणून केलं.