पोळ्याच्या तोरणाखाली जपानी गाडी

"हात लावू नका. कुणीबी गाडीला हात लावायचा न्हाय, सांगून ठिवतो!"

दाजी मोटारीच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तामलवाडीच्या वरच्या आळीचे पाटील. ते साधं बोलले तरी शेजारच्या शिवारातली पाखरं उडायची, आणि ओरडले की सोलापूरच्या गिरण्यांतले लोक पाळी सुटली समजून डबे उचलायचे. त्या दिवशी ते ओरडत होते. त्यांच्या पायाखाली हिरवी जपानी मोटार बंद पडली होती. मोटारीच्या नाकातून वाफ निघत होती, डोक्यावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं, आणि मागं रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले सबंध गावाचे बैल उभे होते.

पोळ्याचा दिवस. गावाची वेस अरुंद, दोन बैल खांद्याला खांदा लावून जातील एवढीच. वेशीवर तोरण बांधायचं, मानाच्या जोडीनं आधी त्याखालून जायचं, तिच्यामागं बाकीच्यांनी, मग मारुतीला फेरी आणि मग घरोघर पुरणपोळी, अशी रीत. मानाची जोडी गेल्याशिवाय दुसरा बैल तोरण ओलांडत नाही. हा मान दाजींच्या घराकडं त्यांच्या पणज्यापासून होता. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, जिल्हा आधी मुंबई राज्यात आला आणि मग महाराष्ट्रात. मान तेवढा जागचा हलला नव्हता. आता तो हलायच्या बेतात होता. दाजींच्या कपाळावरची शीर मला लांबून दिसत होती.

झालं होतं असं, की त्या उन्हाळ्यात मानाच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. दुसरा एवढा मानी, की नव्या जोडीदाराला जवळ उभा राहू देईना; त्यानं तीन जुवं मोडली आणि एका व्यापाऱ्याला बाभळीवर चढवून संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवलं. त्याला बाजार दाखवावा लागला. शहाण्या माणसानं मग नवी जोडी आणली असती. दाजींनी मोटार आणली.

मोटारीची कुळकथा सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हैदराबादच्या एका जहागीरदारानं एकदम दोन जपानी मोटारी मागवल्या होत्या, एक काळी, एक हिरवी. दोन्ही बुटक्या. आत साधी चार माणसं बसत, किंवा दाजी आणि एक माणूस. जहागीर गेल्यावर जहागीरदारानं दोन्ही विकायला काढल्या. काळी धाराशिवच्या एका वकीलसाहेबांनी घेतली, हिरवी चार हात फिरत दाजींकडं आली. कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्या काळी ते कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं म्हणून सांगता येत नसे. आज रस्त्यात पाहावं तिकडं तेच दिसतं, म्हणून सांगायची गरज उरली नाही.

तेव्हा जपानी माल म्हणजे काय, तर जत्रेतली बाहुली, घरी पोचेपर्यंत जिचा हात निखळतो. नाहीतर शिसपेन्शील, तासायला घेतली की टोक आधी पडतं. अक्कानं मोटार दारात पाहिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भावली अन् गाडी एकाच गावची दिसतीय." अक्का म्हणजे माझी बहीण. तिनं मोटारीला ओवाळलं, पण मन लावून नाही.

वकीलसाहेबांना इंग्रजी येत होतं, त्यामुळं कंपनीचा इतिहास आम्हाला त्यांच्याकडून कळला. "अहो, हे लोक मूळचे मागवाले," ते सांगत. "कापडाचे माग बनवायचे. एक दिवस थोरल्या मुलाला वाटलं, मोटार करू. केली. काल धोतर, आज मोटार. दोन्ही पावसात आटतात."

दाजींना हे सोसत नसे. "मागवाल्याला धागा तुटलेला चालत न्हाय, वकीलसाहेब. त्याच्या हातची गाडी मोडंल कशी?"

"माझी मोडते ना."

"तुमी चालवता तशी मोडती."

खरं म्हणजे दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातल्या, एकाच जहाजातून आलेल्या, पण स्वभाव दोन बहिणींसारखे वेगळे. वकीलसाहेबांच्या काळीला कचेरीचं वावडं होतं. घरापासून फाटकापर्यंत ती हरणासारखी जायची आणि न्यायाधीश दिसले की बसायची. एका खटल्यात अशिलाची शिक्षा भोगून झाली, तरी वकीलसाहेब फाटकातच हँडल मारत होते, असं धाराशिवात बोललं जाई. हिरवी मात्र दाजींना बैलासारखी राबली. काळ्या रानातल्या चिखलात उतारूंच्या सर्व्हिस मोटारी आसापर्यंत रुतायच्या, ही अंग चोरून निघून यायची. मागच्या बाकावर ज्वारीची पोती, टपावर कडबा, पायरीवर दोन पाहुणे. एकदा तर दाजी खाली उतरून तंबाखू मळत बसले असताना ती एकटीच जळकोटपर्यंत जाऊन आली. ही गोष्ट मी दोन वेळा ऐकली आहे. पहिल्यांदा माझ्याच तोंडून.

तर पोळा जवळ आला आणि प्रश्न निघाला. वरच्या आळीकडं जोडी नाही, मग आधी जाणार कोण? खालच्या आळीचे पाटील दाजींचे चुलत चुलते. बारीक, सावकाश बोलणारे. त्यांची खिलारी जोडी जिल्ह्यात नावाजलेली. ते पारावर म्हणाले, "जोडी न्हाय तर मान ठिवून काय करता? आमच्याकडं द्या."

दाजी म्हणाले, "तात्या, बैलाचं काम कोण करतंय माझ्या घरी? गाडी करतीय. मग पोळा कुणाचा? गाडीचा. गाडी जाईल आधी."

पारावरची मंडळी आधी हसली, मग विचारात पडली, कारण बोलण्यात खोट काढता येईना. शेवटी ठरलं ते असं : गाडी आपल्या बळानं तोरणाखालून गेली आणि मारुतीला फेरी घालून आली, तर मान वरच्या आळीलाच. पण तिला माणसाचा हात लागला, ढकलावी लागली, तर मान खालच्या आळीचा. तात्यांनी मान डोलावली. मी शेजारी होतो. तुळजापूरच्या शाळेत मी मास्तर, सुट्टीला आलो होतो. मला वाटलं, दाजी जिंकले. गाडी खरोखरच चांगली चालत होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि त्याच्या कानात आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी दाजी लोण्याची वाटी घेऊन मोटारीपुढं उभे राहिले.

"मास्तर, हिचा खांदा कुठं?"

मी म्हणालो, "दाजी, टपावर हळदी-कुंकू लावा, बास झालं."

"तुमी मुलांस्नी हेच शिकिवता का? लोणी पाठीला लावत्यात व्हय? जू जिथं बसतं तिथं लावत्यात."

"हिला जू नसतंय."

"का नसावं? ओढती तर हाय."

त्यांनी झाकण उघडलं आणि आत वाकून बराच वेळ पाहिलं. मग त्यांना तो पंख्याचा पट्टा दिसला. रबरी, काळा, दोन चाकांच्या गळ्यात घट्ट बसलेला, घासून घासून गुळगुळीत झालेला. दाजींचा चेहरा मऊ झाला.

"ह्ये बघा, मास्तर. गळ्यात जू घालून फिरतीय बिचारी. कुणी कधी हात फिरवला न्हाय."

आणि त्यांनी पट्टा मळला. वरून, खालून, चाकांच्या खाचेत बोट घालून. हळद घातलेलं घरचं लोणी, वाटीभर. मला काही यंत्रशास्त्र येत नव्हतं. आलं असतं तरी त्या वेळी बोलवलं नसतं. माणूस इतक्या मायेनं हात फिरवत असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही. शेवटी दाजी इंजिनाजवळ तोंड नेऊन हळू म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोटार निघाली. दिव्यांना गोंडे, नाकावर बाशिंग, टपावर झूल. हलगी पुढं, मागं बैल. वकीलसाहेब मुद्दाम धाराशिवहून पाहायला आले होते. सर्व्हिस मोटारीनं आले होते, यावरून त्यांच्या काळीचं काय ते समजावं. बैलांच्या चालीनं जायचं म्हणून दाजींनी गाडी अगदी हळू चालवली. पट्टा लोण्यानं बुळबुळीत झालेला, तो जागच्या जागी घसरत होता आणि पंखा फिरतच नव्हता. आतलं पाणी तापत गेलं. तोरणाखाली नाक गेलं आणि तिनं सुस्कारा टाकला. मग वाफेचा असा लोट उठला, की तामलवाडीवर ढग आला समजून तीन कोसांवरच्या बायांनी वाळवणं आत घेतली. मोटार थांबली. हँडल मारून दाजींचे दंड भरून आले, ती हूं की चूं करीना.

तिथून मी गोष्ट सुरू केली होती.

आता पेच असा होता. मोटार वेशीत अडकलेली, त्यामुळं एकही बैल आत जाऊ शकत नव्हता. बैल जुंपून ती ओढावी, तर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं; ते गावात कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. माणसांनी ढकलावी, तर मान गेला. दाजी पायरीवरून उतरायला तयार नव्हते.

"निवू द्या तिला," ते म्हणाले. "निवली की चालंल. मागं बी बऱ्याच वेळा निवून चाललीय."

तात्या आपल्या खिलारी जोडीचा कासरा धरून पहिल्याच रांगेत उभे होते. "निवू दे की. आमी कुठं निघालोय?"

"दिवस बुडायला आला, पाटील," मागून कुणीतरी म्हणालं.

"बुडू दे. मान न्हाय बुडणार."

वकीलसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "माझी निवायला दोन तारखा लागतात."

बैल सकाळपासून सजून होते. झुलीखाली त्यांना घाम फुटला होता, माश्या बसत होत्या. एकानं हंबरडा फोडला आणि मग ओळीनं सगळ्यांनी. दाजी तिकडं पाहत नव्हते. ते समोर मारुतीच्या देवळाकडं पाहत होते. पन्नास पावलं असेल ते.

अक्का घरी पोळ्यांची थाळी घेऊन वाट बघून कंटाळली आणि वेशीत आली. पदर सावरत पुढं झाली आणि एकदम थबकली.

"लोणी कढायला कुणी ठिवलंय?" तिनं विचारलं.

कुणालाच कळेना. ती वास घेत घेत मोटारीच्या नाकापर्यंत गेली, वाकली आणि सरळ झाली. सबंध वेशीत ताज्या तुपाचा वास सुटला होता हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

"अवो, सकाळधरनं मी ह्ये लोणी हुडकतीय," ती म्हणाली. "पोळ्यांवर घालायला थेंब न्हाय घरात."

"खांदा मळला तिचा," दाजी म्हणाले. आवाज पहिल्यांदाच माणसासारखा निघाला.

लोक हसले. अक्का हसली नाही. तिनं मागं उभ्या राहिलेल्या बैलांकडं पाहिलं.

"काल कानात आवतण दिलंय सगळ्यांनी ह्यांस्नी. जेवायला बोलावून दारात ताटकळत ठिवलंय. तुमच्या मानापायी."

वाफेची एक बारीक रेघ अजून नाकातून निघत होती. मग दाजी पायरीवरून उतरले, डोक्यावरचा फेटा काढून बाकावर ठेवला, मला म्हणाले, "मास्तर, तुमी चाक धरा," आणि मोटारीच्या मागं जाऊन त्यांनी स्वतःच खांदा लावला.

हलगी थांबली. गाडी हलली नाही. दाजी आडदांड होते, पण जपानी लोखंड दिसतं तेवढं हलकं नसतं. तात्यांनी कासरा शेजारच्याच्या हातात दिला, आले आणि दाजींच्या शेजारी हात लावले. "आता लागलाच हाय हात," ते म्हणाले. मग बाकीचे धावले. मोटार तोरणाखालून गेली, डहाळीचा एक तुकडा टपावर घेऊन गेली, आणि मी तिला पाराच्या कडेला वळवून उभी केली. मागोमाग तात्यांची खिलारी जोडी आली, आणि तिच्यामागं सगळे बैल.

वकीलसाहेबांतला वकील जागा झाला. "पाटील, मुद्दा आहे. तोरणाखालून आधी तुमचीच गाडी गेली. पहिला हातही मालकाचा लागला, परक्याचा नाही. मी उभा राहतो."

"ऱ्हाऊ द्या, वकीलसाहेब," दाजी म्हणाले. "तुमी उभं ऱ्हायला लागला की आपल्या दोन्ही गाड्या बसत्यात."

पट्टा दुसऱ्या दिवशी राखेनं घासून कोरडा केला आणि मोटार एका हँडलात सुरू झाली. पुढं बरीच वर्षं ती चालली. वकीलसाहेबांची काळी मात्र त्यांच्या अंगणात कोंबड्यांच्या उपयोगी पडली. कंपनीबद्दल दोघांचीही मतं शेवटपर्यंत बदलली नाहीत.

पण त्या संध्याकाळी, बैल जेवून झाल्यावर, दाजी नारळ घेऊन खालच्या आळीला गेले. मी सोबत होतो. तात्या ओसरीवर पान लावत बसले होते. दाजींनी नारळ त्यांच्यापुढं ठेवला, म्हणजे मान रीतसर दिला.

"तात्या, पुढच्या पोळ्याला मान माघारी मागायला येईन म्या," ते म्हणाले.

तात्यांनी पानाला चुना लावला, बोट पुसलं.

"या की," ते म्हणाले. "बैल घिऊन या."