कडाप्प्याचा ओटा आणि आईची जागा

बंगळूरजवळ येलहंक्याला घर बांधलं तेव्हा आमच्या गल्लीत उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा कुणाकडेच नव्हता. मी कारखान्यात मापं तपासण्याच्या खात्यात होतो. ओट्याची उंची गवंड्यावर सोडणं मला जमणारं नव्हतं. बायकोला भिंतीशी उभं करून तिचं कोपर जमिनीपासून किती वर येतं ते मोजलं, त्यातून पाच इंच वजा केले आणि तेहतीस इंच ठरवले. वरच्या फळ्या तिचा हात पोचेल तिथे. खाली सागवानी दारांची कपाटं, वर काळा कडाप्पा. दारांमधली फट सगळीकडे सारखी आली तेव्हा मी सुताराला चहा पाजला.

आईचं माप मी घेतलं नाही. ती आमच्याकडेच राहायची आणि सकाळचा स्वयंपाक सोवळ्यात तीच करायची, हे मला ठाऊक होतं. पण आता सूनबाई करील, आई विश्रांती घेईल, असं मी मनात धरलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

आई मुळात ठेंगणी, त्यात पाठीत वाकलेली; नव्या ओट्यापाशी ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा कडाप्पा तिच्या छातीशी आला. भाकरी थापायला जोर कुठून आणणार? दुसऱ्या दिवसापासून ती पायाशी स्टूल घेऊन ओट्यावर चढायची, शेगडीपुढे मांडी घालायची आणि परात समोर ओढून भाकऱ्या करायची. बायकोने हे मला सांगितलं. मी हसलो आणि म्हणालो, होईल सवय.

मग एका रविवारी कारखान्यातले दोघे सहकारी आपापल्या बायकांना घेऊन ओटा बघायला आले. बसायला एक जागा कमी पडली, म्हणून मी आतल्या बाजूला हाक दिली. बायकोने स्टूल आणून दिलं. थोड्या वेळाने मी सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं आणि उंचीचा हिशेब सांगत सांगत दार लोटलं.

आई ओट्यावर बसलेली होती. हात पिठाने भरलेले, शेजारी तव्यावर भाकरी. सहकाऱ्यांपैकी एकाची बायको इथल्याच जुन्या मराठी घरातली. ती म्हणाली, “अक्का, स्वल्प सरका की, आम्हालाही गादीवर जागा द्या.” सगळे हसले. आईही हसली.

मी हसलो नाही. “आई, खाली उतर,” असं मी म्हणालो, कारखान्यात चुकीचा माल परत करताना जसा आवाज लागतो तसा.

तिने पाय खाली सोडले. ते जमिनीपर्यंत पोचेनात. चाचपून तिने स्टूल शोधलं. ते बाहेरच्या खोलीत होतं. मी हात पुढे केला, तर ती मागे सरली. “शिवू नकोस, मी सोवळ्यात आहे.” पाचजण दारात उभे, मधे ती लोंबकळत्या पायांनी. तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने पाय पुन्हा वर घेतले, भाकरी उलटली आणि भाकरीकडेच बघत म्हणाली, “तू पाहुण्यांना घेऊन जा बाहेर. माझं झालं की सांगते.”

बाहेर कुणी ओट्याचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात गेलीच नाही. सोवळ्याचं लुगडं दांडीवर तसंच राहिलं. सूनबाईला तिने सांगितलं की भाकऱ्या आता तूच करत जा. तिसऱ्या दिवशीही तेच. मागच्या पडवीत तांदूळ निवडत ती बसून राहिली. विश्रांती म्हणून मी जी कल्पना केली होती, ती अशी दिसत होती.

संध्याकाळी मी टेप घेऊन तिच्यापाशी गेलो आणि उभी राहा म्हणालो. ती उठली नाही.

“बसल्याचं घे,” ती म्हणाली. “मी बसूनच करणार.”

कोपऱ्यातलं सगळ्यांत चांगलं बसलेलं कपाट मी वरच्या कडाप्प्यासकट काढायला लावलं. तिथे तिच्या शेगडी-परातीसाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर कडाप्पा बसवला. पुढच्या सोमवारी भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा ऐकू आला.

अजूनही कुणी स्वयंपाकघर बघायला आलं की मी दाराशी अशा बेताने उभा राहतो की तो कोपरा माझ्याआड जावा. आईच्या हे लक्षात आलेलं आहे. ती भाकरी थापत राहते.