आयसीवरचा ओला ठिपका

तुमच्या मासिकातलं हे सदर आमच्या घरी आई वाचते आणि मी तिला चिडवते. विहिरीजवळ उभ्या बायका, बंद खोलीतले पैंजण... मी नेहमी एवढंच विचारायची की त्या वेळी कोणाकडे टॉर्च कसा नव्हता. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. भित्री आहे, हे कबूल. पण मला भीती वाटते ती माणसांशी बोलायची. बाकी कशाची वाटली नाही कधी. त्यामुळे हे पत्र आईला न सांगता पाठवते आहे. नाव छापू नये. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, तेव्हा मराठी कुठे चुकलं असेल तर सुधारून घ्यावं.

जागा सीताबर्डीची. मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक पीठगिरणी आहे, तिच्या वरच्या लांबट खोलीत व्हिडिओ गेमची मशिनं तयार होतात. नागपुरात अशी मशिनं बनतात हे मलाही नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. मुंबईहून नुसता बोर्ड आणि पिक्चर ट्यूब येते. कपाट इथला सुतार बनवतो, वायरिंग इथे होतं, आणि तयार मशीन धरमपेठ, सदर, इतवारीच्या पार्लरमध्ये जातं. तिथे मुलं रुपया टाकून त्यावर विमानं पाडतात. मालक दिलीपशेठ. घरचा धंदा कापडाचा, पण यांना रंगीत पडद्याचं वेड.

बोर्डासोबत जाडजूड इंग्रजी मॅन्युअल येतं आणि ते वाचायला तिथे कोणी नव्हतं. म्हणून मला घेतलं. काम एकच, मॅन्युअल मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पगार तीनशे. आई म्हणाली, बँकेची परीक्षा दिली असतीस तर याच्या तिप्पट मिळाले असते. बाबा म्हणाले, पोरांना बिघडवायचा धंदा आहे. दोघांचं बरोबर असेल. मी टिकले ती ढोकेकाकांमुळे.

गुलाबराव ढोके आमचे मुख्य मेकॅनिक. वय पन्नाशीचं, गाव नरखेड तालुक्यातलं. सातवी झाल्यावर पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला लागले, मग रेडिओ, मग टीव्ही. पगार नऊशे, त्या खोलीत सगळ्यांत जास्त, आणि काका तो आकडा लपवत नसत. म्हणायचे, "पोट्टे खेळाचे पैसे देतात, मले बिघडल्याचे भेटतात. बिघडनं काही बंद होत नाही."

एका बोर्डावर काळ्या, अनेक पायांच्या सव्वाशे-दीडशे आयसी, म्हणजे चिप, असतात. सगळ्या सारख्या दिसतात. त्यातली एक गेली की पडद्यावर नुसता कचरा येतो. कोणती गेली हे शोधायला मॅन्युअलमध्ये चाळीस पानं आहेत. काका मीटर नंतर उचलायचे. आधी सप्लाय सुरू करून उजव्या हाताच्या बोटाची मागची बाजू एकेका आयसीवर टेकवत जायचे. मागची का, तर पुढची बाजू भाजली तर काम कसं करणार. जी आयसी इतरांपेक्षा वेगळी तापलेली वाटेल तिच्यावर ते नेलपॉलिशचा ठिपका ठेवायचे. एक ठिपका म्हणजे संशय. बदलून ठीक झाली की शेजारी दुसरा. त्यांना वरचे इंग्रजी नंबर वाचता येत नसत आणि नजर हलली की ती आयसी बाकीच्यांत हरवते, म्हणून ही युक्ती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "मॅडम, नेलपॉलिश आहे काय तुमच्याजवळ?" आमच्या शाळेत सिस्टर दर सोमवारी नखं तपासायच्या, नेलपॉलिश दिसलं की शिक्षा. मला वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. दिवसभर मी मॅन्युअलशिवाय एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी आमच्या वायरमननं सांगितलं की काकांची जुनी बाटली वाळून गेली आहे. दुसऱ्या दिवशी बर्डीवरच्या बांगड्यांच्या दुकानातून मरून रंगाची एक बाटली आणून मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि तेव्हापासून ती तिथेच असे.

मुंबईवाल्यांनी "भंगारात काढा" म्हणून लिहून दिलेला बोर्ड मी दोन पानं वाचेपर्यंत काकांनी सुरू केलेला मी पाहिलाय. म्हणाले, "पुस्तक बरोबर सांगून राहिलं मॅडम, पण या बोर्डानं पुस्तक नाही वाचलं." ते मलाही बोट टेकवायला लावत. कोणती गरम लागते? मी दरवेळी म्हणायची, सगळ्या सारख्याच. त्यावर ते म्हणायचे की सारख्या नाहीत, तू सांगायले लाजून राहिली.

गेल्या वर्षी दसऱ्याला सदरमध्ये शेठचं नवं पार्लर उघडायचं होतं. त्यासाठी एक मोठं, बसून खेळायचं मशीन मागवलं होतं. बोर्ड आला आणि त्याच आठवड्यात काकांना कावीळ झाली. ते गावी गेले. दोन आठवड्यांनी कपाट तयार झाल्यावर बोर्ड लावला तर पडद्यावर रंगीत कचरा.

शेठ दोन दिवस येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ऐकवलं की ढोकेचं वय झालं, आता मुंबईचा डिप्लोमावाला माणूसच आणतो. दसऱ्यापर्यंत मशीन चाललं नाही तर तो येईल आणि ढोकेनं गावीच राहावं. मी मॅन्युअलकडे बघत होते. घरात चार माणसं, दोन एकर कोरडवाहू, आणि ते नऊशे रुपये... काकांचं सगळं मला माहीत होतं. मी म्हटलं, मी बघू का? आवाज इतका लहान निघाला की शेठनं दोनदा विचारलं.

दोन दिवस मी चाळीस पानं उलटीसुलटी केली. मीटरनं तपासलं. बोट टेकवलं. सगळ्या सारख्याच. एक मधली किंचित जास्त वाटली होती, पण चुकीची आयसी उपटताना बोर्डावरचे तांब्याचे बारीक धागे तुटले तर तो कायमचा जातो. मी हात मागे घेतला.

शुक्रवारची दुपार. दीड वाजता सगळे खाली चहाच्या टपरीवर जेवायला गेले. मी वर एकटी जेवते. गिरणी सुरू व्हायची वाट बघत थांबलेली माणसं बाई मेकॅनिक बघायला जिना चढून डोकावतात, म्हणून त्या वेळी मी दाराला आतून कडी लावते. त्या दिवशीही लावली होती. खिडकी एकच, तिला गज, आणि बाहेर गिरणीचं पत्र्याचं छप्पर. बोर्ड टेबलावर, सप्लाय बंद. मी टेबलाकडे पाठ करून डबा उघडला. दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी. गिरणी जेवणाच्या सुट्टीत बंद असते, त्यामुळे शांत होतं.

दुसरी पोळी संपत आली असताना वास आला. नेलपॉलिशचा. तो वास दुसऱ्या कशासारखा नसतो, नाकात सरळ घुसतो. मी वळले.

बोर्डाच्या तिसऱ्या ओळीत एका आयसीवर मरून ठिपका होता.

पाच मिनिटांपूर्वी तो नव्हता. दोन दिवस मी त्याच बोर्डावर डोळे फोडत होते, बोर्डावर एकही ठिपका नव्हता. मी उठले, जवळ गेले आणि बोट लावलं. ओला होता. बोटाला लागला, नखाच्या कडेला. काका ठिपका मध्यभागी ठेवत नाहीत, आयसीच्या खाचेजवळ, जरा उजवीकडे ठेवतात. हाही तसाच. दार बघितलं. कडी जागेवर. टेबलाखाली बघितलं... हे लिहायला लाज वाटते, पण बघितलं.

भीती नंतर वाटली. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की हिच्यावर संशय आहे. त्या नंबरची आयसी आमच्या डब्यात होती. काकांना करताना रोज बघितलं होतं, तसे मी जुनीचे पाय कापले, एकेक पाय काढला, नवी बसवली, सोल्डर केली. अर्धा तास लागला. सप्लाय दिला. पडद्यावर काळं आकाश आलं, खाली धावपट्टी, आणि मशीन गाऊ लागलं. आवाज ऐकून खालचे सगळे दार बडवायला लागले, तेव्हा मला कडीची आठवण झाली.

शेठ पेढे घेऊन आले. आणि पेढा हातात देतानाच म्हणाले, "आता ढोकेला कशाला बोलवायचं मॅडम? तुम्हीच बसा त्या खुर्चीवर. साडेसहाशे देतो. माझे अडीचशे वाचतात, तुमचे साडेतीनशे वाढतात."

मी काही बोलले नाही. शेठना ते हो वाटलं. मला अशा वेळी बोलता येत नाही, हे माझं नेहमीचंच. ज्यांची जागा टिकावी म्हणून मी दोन दिवस बसले, त्यांचीच जागा माझ्या हातून गेली होती, आणि तीही त्यांच्या ठिपक्यावर.

रविवारी सकाळी मी एसटीनं नरखेडला गेले, तिथून टमटमनं गावी. काका ओसरीत खाटेवर बसून उसाचे करवे चोखत होते. डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघून काकूंना ओरडले की मॅडम आली, चहा ठेव. मी सगळं सांगितलं. बोट दाखवलं. नखाच्या कडेला मरून रंग अजून होता.

काकांनी खुंटीवरच्या शर्टातून बाटली काढली. रंग तोच. पण झाकण उघडेना. त्यांनी पिळून पाहिलं, काकूंनी पदरात धरून पाहिलं, शेवटी गरम पाण्यात ठेवल्यावर सुटलं. तोंडाशी वाळलेला थर जमलेला. तीन आठवडे कोणी ती उघडलीच नव्हती.

मी विचारलं, शुक्रवारी दुपारी तुम्हाला काही वाटलं का? काही स्वप्न, काही... खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला गेले होते. काकूच म्हणाल्या, "काय वाटनार वं? जेवले अन् झोपले. घोरून राहिले होते."

काका हसले. म्हणाले, "मी नोहतो मॅडम. मी असतो तं सांगितलं असतं नं, फुकट काहून सोडतो?" मग त्यांनी ती आयसी तिसऱ्या ओळीत कितवी होती ते विचारलं आणि दोन दिवसांत मला कोणती गरम लागली होती तेही. मी सांगितलं, तीच. त्यांनी बाटलीचं झाकण लावून ती परत शर्टात ठेवली. मग विचारलं, "शेठ काय म्हणला?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण खोटंही येईना. साडेसहाशेचा आकडा ऐकून ते आपल्या पिवळ्या हातांकडे बघत राहिले.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "साडेसहाशेत काम होते तं नऊशे कोन देईन? तू घे पोरी. लाजू नको." आणि काकूंना म्हणाले की मॅडमसाठी संत्री बांधून दे.

परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन मी एक वाक्य घोकत आले. सोमवारी शेठच्या टेबलासमोर उभी राहिले. कान तापले होते.

"ती आयसी ढोकेकाकांनी दाखवली. मला एकटीला जमलं नसतं."

शेठनं वर बघितलं. "म्हणजे? नरखेडला गेल्या होत्या की काय विचारायला?"

मी म्हटलं, "गेले होते."

कधी गेले होते, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते बराच वेळ पेनचं झाकण लावत-काढत बसले आणि मग स्वतःशीच हसले, की बिमार माणूस खाटेवर पडल्यापडल्या माझं मशीन चालवतो आणि मी त्याला काढायला निघालो होतो. काका दिवाळीनंतर परत आले, नऊशेवरच. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी लागली, पगार साडेचारशे झाला. अजूनही तेवढाच आहे, आणि आई अजूनही बँकेचे फॉर्म आणते.

स्पष्टीकरणं मी सगळी करून बघितली आहेत. कोणी आत आलं म्हणावं तर कडी. मीच लावला म्हणावं तर कशानं? माझ्याकडे बाटली नाही, मी ती वापरतही नाही. आधीपासून होता म्हणावं तर तो ओला होता, माझ्या नखाला लागला. काकांना विचारलं की ते अजूनही शपथेवर सांगतात की मी झोपलो होतो.

शेठसमोर उभी राहिले तेव्हा मी खोटं बोलते आहे असं समजूनच बोलले होते. आयुष्यात तसं पहिल्यांदाच. पण त्या दुपारी खोलीत जे बघितलं ते आठवलं की मला त्या वाक्याहून खरं दुसरं काही सुचत नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल, तर एवढंच सांगा, मी खोटं बोलले की खरं?