तिच्या तोंडचा शब्द

आम्ही माधवनगरला राहायला आलो तेव्हा माझी लेक पाच महिन्यांची होती. शेजारी गाद्या शिवणारं एक मुसलमान कुटुंब राहायचं, आणि त्यांची मुलगी माझ्या लेकीपेक्षा तीन आठवड्यांनी मोठी. दुपारी त्या मुलीची आई, म्हणजे भाभी, आणि मी दोघींना एकाच गोधडीवर पालथं टाकून बोलत बसायचो. एक दुसरीचा कान ओढायची, दुसरी भोकाड पसरायची. त्यांची ओळख झाली ती अशी. दोन वर्षांच्या झाल्या तेव्हा पाठीला पाठ लावून बसायच्या. ही वाटी बडवायची, ती कापसाचे बोळे करायची. एकमेकींकडे बघायच्याही नाहीत, पण एक उठून गेली की दुसरी रडायला लागे.

चौथ्या वर्षी भाभींच्या मुलीचं बोलणं अडखळायला लागलं. "पा... पा..." करत ती थांबायची, मान ताणायची, डोळे मिटायची. माझी लेक लगेच सांगायची, "काकू, तिला पाणी पायजे."

"आमच्या पोरीला वकील मिळाली बघा, ताई," भाभी हसून म्हणायच्या. मलाही लेकीचं केवढं कौतुक वाटायचं! शाळेतही तसंच चाललं. बाई प्रश्न भाभींच्या मुलीला विचारायच्या, उत्तर माझी लेक द्यायची. बाईंचाही वेळ वाचायचा. शाळेत जाताना दोघी एकमेकींच्या दप्तराचा पट्टा धरून चालायच्या आणि मी दारात उभी राहून वळणापर्यंत बघत राहायचे. त्या सकाळी आता आठवल्या की जीव हळवा होतो.

सातवीत असताना एका संध्याकाळी मी दोघींना घेऊन दुकानात गेले होते. भाभींच्या मुलीला वडिलांसाठी दोरा घ्यायचा होता. ती दुकानदाराला म्हणाली, "पि... पि..."

"पिवळा द्या, काका," माझी लेक म्हणाली.

दुकानदारानं पिवळं रीळ पुढं केलं. त्या मुलीनं ते परत ढकललं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"पि... पिस्ता पायजे हुता मला. पिवळा न्हाई. तू क... क..."

"कायम?" माझी लेक म्हणाली.

तेवढ्यानं त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कायम मधी बोलतीस," तिनं वाक्य पुरं केलं आणि दोरा न घेताच एकटी निघून गेली.

नंतर चार-पाच महिने दोघी बोलल्या नाहीत. माझ्या लेकीला वर्गात दुसऱ्या मैत्रिणी मिळाल्या. ती त्यांच्याबरोबर हसत शाळेत जायची आणि भाभींची मुलगी रस्त्याच्या पलीकडून एकटी चालायची. मी भाभींना म्हटलं, दोघींना समोरासमोर बसवूया.

"नको, ताई," भाभी म्हणाल्या. "आता दुकानात तीच जाती. येळ लागतो, पण आणती. ऱ्हाऊ दे."

एकदा लेकीनं मला विचारलं, "आई, मी तिला मदतच करत होते ना गं?" मी "हो" म्हटलं. पण मला चैन पडेना. आठ वर्षं त्या पोरीला एक वाक्य पुरं करायची फुरसत आम्ही कुणीच दिली नव्हती, आणि त्यात मीही होते.

आठवीच्या पावसाळ्यात लेकीला टायफॉइड झाला. नव्या मैत्रिणी फोनवर फुलांची चित्रं पाठवायच्या. आठव्या दिवशी भाभींची मुलगी भूगोलाची वही घेऊन दारात उभी राहिली. कुणाकडे न बघता आत आली, खाटेच्या कडेला बसली आणि धडा समजावून सांगायला लागली. मी स्वयंपाकघरात पेज ढवळत ऐकत होते.

"महाबळेश्वरला लय पाऊस पडतो, आणि आपल्या जिल्ह्यातला जत तालुका प... प..."

मी डोकावून बघितलं. माझ्या लेकीला शब्द माहीत होता. तिनं चादरीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, ओठ आवळले होते. तो शब्द यायला फार वेळ लागला. पेज बुडाला लागली तरी मी हलले नाही.

"...पर्जन्यछायेत येतो," ती मुलगी म्हणाली.

"मला माहीत होतं," माझी लेक म्हणाली.

"म... माहिताय मला, तुला माहीत हुतं ते."

आणि दोघी जोरात हसायला लागल्या. अशक्तपणानं लेकीला धाप लागली, तरी हसू थांबेना.

दहावीनंतर भाभींची मुलगी अकरावीला साताऱ्याला मामाकडे गेली. आता सुट्टीतच येते. पूर्वीसारख्या त्या एकमेकींना चिकटून नसतात. दोघींचं वेगळं कॉलेज, वेगळ्या मैत्रिणी. तरी ती आली की दोघींची पहिली संध्याकाळ आमच्या गच्चीवरच जाते. परवा मी चहा घेऊन वर गेले, तर दोघी बोलता बोलता गप्प झाल्या. पूर्वी त्यांचं भांडणसुद्धा माझ्याकडे यायचं. मी कप कठड्यावर ठेवले आणि खाली आले. जिना उतरेपर्यंत त्यांचं बोलणं परत सुरू झालं होतं.