डायलचं कुलूप

"हा राउटर घ्या, आजी. रेंज भिंतीपलीकडेही जाते," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे शेजारच्या कुसुमताई फुकट वापरणार?" माझ्या तोंडून निघून गेलं. सोबत आलेली नात माझ्याकडे बघतच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या मजल्यावर पहिला फोन माझ्याच घरी आला होता. तेव्हा ही नवी सूनबाई, म्हणजे मीच, कोणी फोन लावू नये म्हणून डायलला कुलूप घालून किल्ली कमरेला मिरवायची. कुसुमताई आजारी आईची खुशाली विचारायला फोन मागत, आणि बाईसाहेबांची किल्ली नेमकी तेव्हाच हरवायची! ते कुलूप डायलवरून केव्हाच गेलं, माझ्या जिभेवर मात्र अजून लटकतंय.

"हाच द्या," मी म्हटलं.

"आणि पासवर्ड गं?" नातीने विचारलं.

"तो कुसुमताईंना मी स्वतः जाऊन सांगणार. म्हणेन, किल्ली सापडली."