डब्यातली कचकच

भांडी घासण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या पिंप्राळ्यात सापडायची नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. आणि त्याच घासण्यानं मला दोनदा तोंडघशी पाडलं!

निवृत्त झाल्यावर मी दगड घोटायचं लहानसं मशीन घेतलं. रबरी डबा, त्यात दगड, पाणी आणि खरखरीत भुकटी. डबा आठवडाभर फिरवायचा, मग धुऊन पुढची बारीक भुकटी, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. "लोक सोनं जमवतात, तू गोटे जमव," असं आमचे हे म्हणायचे. म्हणू देत.

या वेळी डब्यात आबांचा दगड होता. आबा म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढचे, शिंदखेड्याजवळ गावी राहतात. शेत बटाईनं देण्याआधीच्या शेवटच्या नांगरटीत त्यांना ही तांबडी गारगोटी सापडली. तिच्यावर डोळ्यासारखी गोल रेघ होती. जन्मभर दगड वेचून बांधावर फेकणाऱ्या माणसानं हा एकच घरी आणला आणि माझ्या हातावर ठेवला, "याले चमकाई दे." मग रोज फोन, "मना दगड झाया का?"

कसला होतोय! दोनदा पॉलिशपर्यंत नेला आणि दोन्ही वेळा अंगभर ओरखडे. ओरखडे आले की दोन भुकट्या मागे जावं लागतं, आणि दर वेळी दगड झिजतो. डोळ्याची रेघ पुसट व्हायला लागली होती. आणखी एकदा चुकलं असतं तर आबांचा डोळा गेलाच होता. मी भुकटी विकणाऱ्याला शिव्या घातल्या, मशीनला घातल्या, यांच्यावरही संशय घेतला.

तेवढ्यात आबाच चार दिवस राहायला आले. मी अंगणात डबा घासत बसले होते, काथ्या आणि गावाकडच्या चुलीची राख घेऊन. राखेशिवाय भांडं निघत नाही, ही आईची शिकवण. डबा लख्ख दिसत होता. आबांनी झाकणाच्या खाचेत बोट फिरवलं आणि सरळ दाताखाली धरलं.

"आबा, थुंका ते आधी!"

"कचकच शे," ते म्हणाले. "जाताले टाकी लावावर पहिलं पीठ आपन खातस का? फेकी देतस ना?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाकीनं ठोकून नवे दात पाडलेल्या जात्याच्या पहिल्या पिठात दगडाची कच उतरते, तसंच हे. राखेत चुलीजवळची वाळू असते, आणि ती मीच चोळून चोळून त्या रबरात बसवत होते. अगं माझे बये!

राख उकिरड्यावर गेली. पहिल्या पिठासारखी एक फेरी आता वाया घालवायची ठरवली. भुकटी न घालता नुसता साबणाचा चुरा, पाणी आणि दगड घालून डबा दोन तास फिरवला, गढूळ पाणी खड्ड्यात ओतलं, खाचा दात घासायच्या ब्रशनं उकरल्या. बोट दाताखाली धरलं तर कचकच! पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी दाताखाली काहीच लागलं नाही. तेव्हापासून प्रत्येक भुकटीनंतर हेच केलं. चार दिवसांचे आबा तीन आठवडे हलले नाहीत.

शेवटचं झाकण मी उघडलं. दगड नळाखाली धरला. एक ओरखडा नाही! तांबडा, काचेसारखा गुळगुळीत, आणि डोळा टक्क उघडा. मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. जिंकले मी, जिंकले!

आबांनी दगड धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पिशवी उचलली. "निंघस मी," म्हणाले. जेवायला थांबा म्हटलं, दशम्या तरी घ्या म्हटलं, पण कोण ऐकतंय! मी स्टँडवर सोडायला गेले. ते खिडकीशी बसले, आणि बस हलायच्या आत शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दगड देऊन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हाई मन्ही लेकनी करेल शे."